शोकसभेत न सांगितलेला आजार

मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतले एक काका गेले. वय ५६. पुण्यानुमोदनाला विहार गच्च भरले होते. त्रिसरण-पंचशील झाले आणि एकेक जण उठून बोलू लागला. काका गवंडी होते. विहाराची मागची भिंत त्यांनी एक पैसा न घेता बांधून दिली, हे निघाले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पाण्याच्या पिंपाजवळ दिवसभर उभे राहणारे काका निघाले. मुलीला नर्सिंगपर्यंत शिकवले, तेही निघाले. आजाराविषयी मात्र सगळ्यांचे एकच वाक्य : "किडनीचा त्रास होता." आम्हीही उठलो आणि तेच बोललो.

काकांना किडनीचा काहीही त्रास नव्हता. त्यांना लिंगाचा कॅन्सर होता. तिथे बसलेल्यांपैकी निदान दहा माणसांना ते ठाऊक होते. पंचशील घेऊन पंधरा मिनिटेही झाली नव्हती आणि आम्ही दहाही जण खोटे बोललो होतो.

दिवाळीनंतर काकू स्वतः आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "नाव घालू नका, पण लिहा. मला लाज वाटून वाटून माणूस गेला माझा." त्यांच्या परवानगीने हे पान लिहीत आहोत.

काकांची गोष्ट थोडक्यात अशी. लिंगाच्या पुढच्या कातडीखाली काहीतरी टोचते, खाजते, असे त्यांना वाटू लागले. कातडी लहानपणापासूनच घट्ट, मागे सरकत नसे, त्यामुळे आत काय आहे ते दिसायला मार्ग नव्हता. त्यांनी मेडिकलवाल्याकडून खाजेची ट्यूब आणली. ती संपली, दुसरी आणली. मग घाण वास येऊ लागला, लघवीच्या वेळी रक्ताचे थेंब दिसू लागले. तेव्हा ते स्टेशनजवळ भिंतीवर 'गुप्तरोग, नामर्दी, शर्तिया इलाज' असे रंगवलेल्या एका दवाखान्यात गेले. त्या माणसाने चड्डी उतरवायला न सांगताच गोळ्या दिल्या, इंजेक्शने दिली आणि दर खेपेला आठशे रुपये घेतले. अशी दहा महिने. काकू कपडे धूत होत्या, त्यांना डाग दिसत होते. एकदा विचारले तेव्हा काका अंगावर ओरडले. नंतर काकूंनी विचारले नाही. जांघेत लिंबाएवढी गाठ झाली, काकांना वाटले पायाला कुठे लागले म्हणून अवधान आले असेल. ती गाठ फुटली तेव्हा मुलीने त्यांना रिक्षात घालून मोठ्या इस्पितळात नेले. पहिल्या खाजेपासून त्या दिवसापर्यंत दीड वर्ष गेले होते. त्यानंतर काका अकरा महिने जगले.

ट्यूबवाल्याचा, भिंतीवरच्या दवाखान्याचा राग आम्हाला आहेच. पण त्या दीड वर्षात काका रोज संध्याकाळी आमच्यासोबत कट्ट्यावर बसत होते, हे आम्हाला जास्त लागते. आपल्या गल्लीत या अवयवाचे नाव शिवीत दिवसातून पन्नास वेळा घेतले जाते. तोच अवयव दुखायला लागला की मात्र माणसाकडे शब्द नसतो. डॉक्टरपुढेही तो 'खाली जरा त्रास आहे' एवढेच म्हणतो.

कुणी म्हणेल, विहारात, घराघरांत जाणाऱ्या मासिकात हे कशाला? त्यांना एक जुनी गोष्ट आठवून देतो. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे देत. त्याबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण समाजातली बडी मंडळी कर्व्यांपासून चार हात लांब राहत होती, त्या काळात बाबासाहेबांनी ते वकीलपत्र घेतले होते. तेव्हा या पानावर 'लिंग' हा शब्द छापायला आम्हाला कुणाची परवानगी लागणार नाही.

आता आजाराविषयी. लिंगाचा कॅन्सर हा जवळजवळ नेहमी तिथल्या कातडीचा कॅन्सर असतो, आणि तो सुरू होतो बहुधा पुढच्या बोंडावर किंवा त्यावरच्या कातडीच्या आतल्या बाजूला. तोंडाच्या कॅन्सरच्या मानाने तो दुर्मीळ. २०२० साली साऱ्या जगात सुमारे ३६ हजार नवे रुग्ण आढळले. पण त्यांतला मोठा हिस्सा आपल्या देशातला आहे, आणि आपल्याकडेही शहरांपेक्षा खेड्यांत त्याचे प्रमाण जास्त. श्रीमंत देशांत डॉक्टरांना तो क्वचित पाहायला मिळतो. हा गरिबाघरचा आजार आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बहुतेक रुग्ण पन्नाशीच्या पुढचे असतात, तरी चाळिशीतल्यांनाही तो होतो.

सुरुवात फसवी असते. दुखत नाही, हीच मोठी अडचण. बोंडावर किंवा कातडीवर एखादा लाल, मखमली चट्टा उठतो. कुणाला चामखिळीसारखी वाढ होते, कुणाची कातडी एका जागी जाड, पांढरट होते. कुणाला बारीकशी जखम होते आणि ती भरत नाही. कातडीखालून पू किंवा घाण वासाचे पाणी येते, रक्त लागते. आधी मागे सरकणारी कातडी सरकेनाशी होते. यांतले काहीही साध्या संसर्गानेही होऊ शकते, बहुतेकदा तसेच असते. म्हणून घाबरायचे नाही, पण मोजायचे : तीन आठवड्यांत बरे झाले नाही, तर डॉक्टरला उघडून दाखवायचे. जो डॉक्टर न बघता औषध लिहील त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचे नाही. मेडिकलमधल्या मिश्र मलमांनी खाज दबते, आतला आजार वाढतच राहतो. काकांचे नेमके तसेच झाले.

कातडीखाली दडलेला आजार तर दिसतही नाही. म्हणून घट्ट कातडीवर, डॉक्टर जिला फायमोसिस म्हणतात तिच्यावर, थोडे थांबून लिहितो. लहान मुलांची कातडी मागे न सरकणे नैसर्गिक आहे. आयांनी, आज्यांनी आंघोळ घालताना ती ओढू नये. ओढल्याने चिरा पडतात आणि त्या भरताना कातडी आणखी आखडते. लघवी करताना पोर रडत असेल किंवा कातडी फुग्यासारखी फुगत असेल, तर मात्र दाखवावे. मोठे होईपर्यंत ती बहुधा आपोआप मोकळी होते. वयात आल्यावरही घट्टच राहिली, किंवा चाळिशीत नव्याने घट्ट झाली, तर उपचार हवा. चाळिशीत नव्याने झालेल्यांनी आधी साखर तपासावी. मधुमेहात तिथे वारंवार बुरशी होते, कातडी चिरते, आखडते. आमच्या वस्तीत दोघांचा मधुमेह असाच सापडला.

घट्ट कातडीखाली पांढरा चिकट मळ साचतो, जागा कायम सुजलेली राहते, आणि अशी वर्षानुवर्षे धुमसणारी सूज कॅन्सरला वाट करून देते. लिंगाचा कॅन्सर झालेल्या पुष्कळ रुग्णांत ही अडचण आधीपासून असते. ज्यांची कातडी सरकते त्यांनी रोज ती मागे घेऊन साध्या पाण्याने धुवावी आणि पुन्हा पुढे आणावी. डेटॉल, कपड्याचा साबण तिथे लावू नये, त्याने कातडी सोलवटते.

हे सांगायला सोपे आहे. पण आमच्या वस्तीत पुरुष आंघोळ कुठे करतात? नळावर, चार लोकांत, कमरेची चड्डी न काढता. दोन तांबे अंगावर, साबण फिरवायचा, टॉवेल गुंडाळून चड्डी बदलायची की झाले. चाळीस-चाळीस वर्षे माणूस अशी आंघोळ करतो आणि तो अवयव एकदाही नीट धुतला जात नाही. पाणी सकाळी पाऊण तास येते, त्यात बायकांचे हंडे आधी भरायचे. त्यामुळे या आजाराच्या पुस्तकांत 'अस्वच्छता' हा शब्द वाचला की आमच्या डोक्यात तिडीक जाते. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून लांब ठेवले आणि त्यांनाच अस्वच्छ म्हटले, त्यांना हा शब्द नवा नाही. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले ते कशासाठी, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण त्या रागापोटी खरी गोष्ट नाकारायची, हेही आम्हाला पटत नाही. जागा धुतली नाही तर धोका वाढतो, हे खरेच आहे. म्हणून दाराआड आंघोळीची जागा आणि पुरेसे पाणी ही मागणी आता पुरुषांच्याही आरोग्याची मागणी म्हणून वॉर्डात मांडली पाहिजे. न्हाणीघर म्हणजे बायकांची सोय, असे आपले पुढारी समजत आले आहेत.

दुसरे कारण विषाणू. एचपीव्ही नावाचा. बायकांच्या गर्भाशयमुखाचा कॅन्सर ज्याने होतो तोच, आणि लिंगाच्या कॅन्सरच्या साधारण निम्म्या रुग्णांत तोच सापडतो. हेराल्ड त्सूर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ मध्ये नोबेल मिळाले ते याच विषाणूचे कॅन्सरशी असलेले नाते दाखवल्याबद्दल. हा शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी लागतोच. बहुतेकांचे शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावते. काहींच्या अंगात तो चिकटून राहतो. म्हणून कुणाला हा कॅन्सर झाला की 'बाहेरचा नाद असेल' असे म्हणणाऱ्यांनी तोंड आवरावे. काकांबद्दल हे वाक्य आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ज्याच्या नवऱ्याला हा आजार निघतो, त्या घरातल्या बाईनेही गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. तिशीनंतर ती तशीही सगळ्यांनी करायचीच आहे. या विषाणूविरुद्धची लस आता पुण्यात तयार होते. आपल्याकडे भर मुलींवर आहे, तो योग्यच आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही शाळेत ही लस देतात. आपल्या मागण्यांच्या यादीत ती जायला हरकत नाही.

आणि तंबाखू. तोंडात धरलेला बार लिंगापर्यंत कसा पोचणार, असे लोक हसून विचारतात. तो रक्तातून पोचतो. विडी, सिगारेट, चुना-तंबाखू, मावा, सगळ्यांनी हा धोका वाढतो. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या टपरीत तो मिळतो. त्यावर वेगळे पान लिहावे लागेल. एचआयव्ही असणाऱ्यांनाही हा धोका जास्त असतो. त्यांनी एआरटीच्या गोळ्यांसोबत ही जागाही अधूनमधून दाखवावी.

आता सुंतेचा विषय. जिथे मुलांची बालपणीच सुंता होते, त्या समाजांत हा कॅन्सर फार क्वचित आढळतो, ही गोष्ट डॉक्टरांना फार वर्षांपासून माहीत आहे. याचा अर्थ उद्यापासून सगळ्यांनी पोरांची सुंता करावी असा नाही. कातडी सरकत असेल आणि रोज धुतली जात असेल तर त्याची गरज नसते. पण ज्याची कातडी घट्ट आहे, मलमाने सुटत नाही, त्याला डॉक्टर ती काढायला सांगतात, तेव्हा आमचे भाऊ काय म्हणतात? "मी काय धर्म बदलू?" आमच्या वस्तीतल्या एका रिक्षाचालकाने या एका वाक्यावर दोन वर्षे घालवली. ज्या समाजाने १९५६ साली डोळे उघडे ठेवून, समजून-उमजून धर्म बदलला, त्याला धर्म कातडीत नसतो हे कळायला हवे. ही भूल देऊन करायची छोटी शस्त्रक्रिया आहे, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. रिक्षावाल्या भावाने शेवटी ती करून घेतली. काढलेली कातडी तपासायला पाठवली, तर तिच्यात अगदी सुरुवातीचा कॅन्सर निघाला. आजार कातडीपुरताच होता, तो कातडीबरोबर गेला. आता तो ठरल्या तारखांना दाखवायला जातो आणि रिक्षा चालवतो.

सगळ्यांचे इतके सोपे होत नाही. आधी तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही वस्तीतली समजूत खोटी आहे. तिच्यामुळे किती जण हातचे जातात ते इस्पितळातल्या नर्सबाईंना विचारा. मग आजार किती खोल आहे यावर उपचार ठरतो. फार वरवरचा असेल तर मलम किंवा लेझर. बोंडापुरता असेल तर तेवढाच भाग काढतात, काहींना शेक म्हणजे लाइट देऊनही भागते. खोल गेला असेल तर लिंगाचा काही भाग कापावा लागतो, आणि फारच वाढला असेल तर पूर्ण. हे ऐकून माणूस पळतो. पळून गेलेला माणूस सहा महिन्यांनी परत येतो, तेव्हा अर्ध्याच्या जागी पूर्ण कापावे लागते. थोडा भाग उरला तर बहुतेकांना उभ्याने लघवी करता येते आणि नवरा-बायकोचे संबंधही अनेकांना ठेवता येतात. हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी, बायकोला बरोबर घेऊन, डॉक्टरला विचारायचा. डॉक्टर आपणहून सांगतीलच असे नाही.

खरी लढाई जांघेतल्या गाठींची असते. कॅन्सर पहिल्यांदा तिथे जातो. हाताला काही लागत नसले तरी साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या गाठींत तो लपलेला असतो, म्हणून डॉक्टर कधी कधी जांघेचेही ऑपरेशन सुचवतात. 'खालचे काढले, आता जांघ कशाला' म्हणून घरची मंडळी इथेच हात आखडतात. तसे करू नये. या ऑपरेशननंतर जखम भरायला वेळ लागतो, पाय सुजतो, हे खरे आहे. पण गाठींपर्यंत जाण्याआधी आजार सापडला तर पाच वर्षांनंतरही दहापैकी आठेक जण जिवंत असतात, आणि गाठींतून पोटात शिरला की ही संख्या झपाट्याने खाली येते. तेव्हा केमो देतात, ती काकांनाही दिली होती.

पैशांचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि लाइट बसते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जायचे, तेही ऑपरेशनच्या आधी, नंतर नव्हे. पहिली तपासणी कोणत्याही सरकारी इस्पितळाच्या सर्जरी किंवा चर्म-गुप्तरोग विभागात होते, केसपेपरच्या पैशांत. पुढे परळचे टाटा आहे. ते लांब पडत असेल तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी, बार्शीचे नर्गिस दत्त आहे. काकांनी भिंतीवरच्या दवाखान्यात ओतलेले पैसे आम्ही काकूंसोबत बसून मोजले : एकवीस हजारांच्या वर.

आया-बहिणींना एक सांगायचे आहे. आमच्याकडे या आजाराचे जे तीन पुरुष दवाखान्यापर्यंत पोचले, त्यांतल्या तिघांनाही बाईनेच नेले. दोघांना बायकोने, एकाला मुलीने. कपड्यावरचा डाग, वास, सतत खाजवणे, अंथरूण वेगळे करणे, हे तुम्हाला आधी कळते. तो ओरडला तर ओरडू द्या. काकू म्हणतात, त्या दिवशी मी गप्प बसायला नको होते. आम्ही त्यांना म्हटले, गप्प तर आम्ही बसलो, तुम्ही एकदा तरी विचारलेत.

तिसऱ्या माणसाविषयी लिहायचे राहिले. साठीचे आहेत, पूर्ण लिंग काढावे लागले. तीन वर्षे झाली, आजार परतलेला नाही. लघवीची वाट डॉक्टरांनी खाली करून दिली आहे, त्यामुळे त्यांना बसावे लागते. वस्तीच्या सार्वजनिक शौचालयात पुरुषांना उभ्याची मुतारी फुकट आहे, बसायचे असेल तर दर वेळी पाच रुपये. दिवसातून सात-आठ वेळा. ते पाणी पिणे कमी करतात. ठेकेदाराला आम्ही सांगितले, तर तो म्हणाला, कारण सांगा. कारण त्या गृहस्थांना चारचौघांत सांगायचे नाही, आणि ते सांगायला लावणे आम्हालाही मान्य नाही. वृद्ध आणि आजारी पुरुषांना बसण्याची सोय फुकट करावी, असा अर्ज आम्ही ३८ सह्यांनिशी वॉर्ड ऑफिसात दिला आहे. पहिली सही काकूंची आहे. या महिन्याच्या पौर्णिमेला, वंदनेनंतर, आमच्या मंडळातल्या निवृत्त परिचारिका ताई विहारात थांबणार आहेत. पुरुषांसाठी मागच्या खोलीत एक डॉक्टरही येतील. दार लावून बसतील. नाव लिहून घेणार नाहीत.